सार्जंटच्या पायातल्या चपला

पहिल्यांदा साबण गेला. नऊ माणसांच्या न्हाणीघरात साबणाला पाय फुटतातच, म्हणून नेमानीने मनावर घेतलं नाही. चौथ्या दिवशी कंगवा गेला. कंगवा मात्र त्याने उशाशी, पिशवीच्या आतल्या कप्प्यात ठेवला होता आणि त्या कप्प्याला चेन होती. चेन जशीच्या तशी लावलेली होती. आत कंगवा तेवढा नव्हता.

नेमानी पलंगावर बसून बराच वेळ त्या चेनीकडे बघत राहिला. चोराला कंगवा कशाला लागतो? आणि चोर चेन परत लावत बसतो का? ज्याने कप्पा उघडला त्याला कंगवा नको होता, आतले कागद बघायचे होते. कंगवा नेला तो आपला उगाच, शोध चोरीवर जावा म्हणून. असं त्याच्या मनाने घेतलं आणि एकदा घेतलं की त्याचं मन सोडत नसे.

घर सुवा शहरात, नबुआच्या चढावर होतं. जुनं, लाकडी, वर पत्रे आणि पत्र्यांवर सुवाचा पाऊस, ज्याला उठण्याबसण्याची काही वेळ नाही. फौजेतून सुटलेल्या आणि डोक्यावर छप्पर न उरलेल्या माणसांसाठी माजी सैनिकांचं एक मंडळ ते चालवत होतं. कुठल्या झेंड्याखाली चाकरी केली याची चौकशी नव्हती. शांतिसेनेतून लेबनॉनला जाऊन आलेला चालत होता, तसाच नेमानीसारखा विलायतेच्या फौजेत नऊ वर्षं काढलेलाही. नऊ पलंग, दोन वेळचं जेवण, बुधवारी डॉक्टर, गुरुवारी पेन्शनीचे कागद बघणारा माणूस. सगळं फुकट. या फुकटाचाच नेमानीला पहिल्या दिवसापासून संशय होता.

मंडळाची माणसं त्याला बसस्टँडवर भेटली होती. पहाटे, दुकानांच्या ओसरीत तो पुठ्ठा घालून झोपला होता तेव्हा. निवृत्त कॅप्टन वाइसेआ स्वतः गुडघे मोडून त्याच्या शेजारी बसले, किटलीतून चहा ओतला, हातावर गरम तळलेला पाव ठेवला आणि चहा निम्मा होईपर्यंत चकार शब्द काढला नाही. मग चार प्रश्न विचारले. नाव काय? फौजेतला नंबर काय? कुठल्या पलटणीत होतास? आणि गाव कुठलं?

पहिल्या तिन्हींची उत्तरं नेमानीने खरी दिली. चौथ्याला म्हणाला, "नौसोरीकडचा."

"नौसोरीत कुठे?"

"पुलाच्या पलीकडे."

पुलाच्या पलीकडे काय आहे हे त्याला धड ठाऊकही नव्हतं. तो यावुसोला बेटाचा. बोटीने एक रात्र आणि निम्मा दिवस. तो विलायतेला निघाला तेव्हा गावाने दोन डुकरं भाजली होती आणि त्याच्या आईने चार महिने बसून एक चटई विणली होती, कडेला काळ्या गवताचे कंगव्याच्या दातांसारखे दाते असलेली. तिकडे गुडघा गेला, मग रात्रीची झोप गेली, मग फौज गेली आणि शेवटी तिथे राहण्याचे कागदही गेले. सुवाला उतरून दोन वर्षं झाली होती. यावुसोलाला मात्र यातलं काही माहीत नव्हतं. तिथे दर रविवारी चर्चमध्ये धर्मगुरू त्याचं नाव घेऊन म्हणत, परमुलखात पहारा देणाऱ्या आमच्या शिपायाला सांभाळ. आणि पहिल्या रांगेतली त्याची आई तेवढ्यापुरती उभी राही.

महिन्याच्या पहिल्या रविवारी तो तिला फोन करी. गावच्या दवाखान्यात जुना फोन होता. कुठून आला ते न दाखवणारा. आई दरवेळी विचारी, "तिकडे थंडी आहे का रे?"

"फार आहे, आई."

"अंगावर घेतोस ना?"

"घेतो."

ते दोन शब्द बोलताना त्याच्या पाठीवरून घामाची धार चाललेली असे. गावाला कळलं तर पुढच्या रविवारी आईने उभं राहायचं की बसून राहायचं, एवढाच प्रश्न त्याच्यापुढे होता. आणि त्याचं उत्तर त्याला नको होतं.

म्हणून चेन उघडणारा हात कुणाचा, हे कळणं भाग होतं.

त्याचा पहिला संशय रामरतीदीदीवर. घराची सगळी व्यवस्था तिच्याकडे. पन्नाशीची, बारीक चणीची. तिचा नवरा इथल्याच फौजेत ड्रायव्हर होता, तो गेल्यावर ती इथे आली. रोज पहाटे आंघोळ करून अंगणाच्या कोपऱ्यातल्या लाल झेंड्यापाशी दिवा लावायची, मंगळवारी मीठ तोंडात घालायची नाही. आवाज इतका हळू की ती रागावली तरी समोरच्याला वाटावं, आपली चौकशी करते आहे. आणि तिच्याकडे एक वही होती, लाल कापडात बांधलेली. कोण जेवलं, कोण नाही, कोण झोपेत ओरडलं, सगळं त्या वहीत.

"नेमानी भैया, आई आहे ना?" तिने एकदा भात वाढताना विचारलं होतं.

"आहे."

"नौसोरीलाच?"

"हो."

"बसने अर्धा तास लागतो," ती म्हणाली. तेवढंच. पुढच्या पानाकडे गेली. जेवणं झाल्यावर वही उघडून तिने काहीतरी लिहिलं. या घराचं शेवटचं काम माणसाला गावी पोचवणं हेच होतं. भिंतीवर तसं लिहिलेलंच होतं मोठ्या अक्षरांत, बरा हो आणि घरी जा. बाकीच्यांना ते वाचून धीर येत असेल. नेमानीला ती धमकी वाटे.

त्याने फौजेत शिकवलेली युक्ती केली. कप्प्याच्या चेनीवरून काळ्या दोऱ्याचा एक तंतू आडवा लावून ठेवला, जवळून बघितल्याशिवाय न दिसणारा. संध्याकाळी येऊन बघतो तो दोरा तुटलेला नव्हता. कुणीतरी तो सोडवून, त्याची छानशी फुलगाठ मारून, चेनीच्या टोकाला बांधून ठेवला होता. लहान मुलीच्या वेणीला रिबीन बांधावी तशी. आणि आतला मासळीचा डबा गेला होता.

आता मात्र नेमानी घाबरला. चोर घाबरून पळतो. हा चोर खेळत होता.

घरात विश्वासाचा माणूस एकच होता, सार्जंट इलाइतिया. सत्तरीला टेकलेला, लेबनॉनच्या तीन पाळ्या केलेला. छातीचा भाता फुटका झालेला, त्यामुळे जिना चढताना तो दर तिसऱ्या पायरीवर थांबे आणि थांबल्याचं कारण म्हणून एखादी शिवी हासडे. त्याचं स्वतःचं असं कुठे काही उरलं नव्हतं, बायको गेली, मुलं परदेशी. सात वर्षं तो दाराजवळच्या पलंगावर होता आणि कोठीची किल्ली त्याच्या कमरेला असे.

नेमानी त्याच्याकडे गेला तेव्हा म्हातारा खिडकीच्या काचेत बघत पांढऱ्या केसांचा भांग पाडत होता.

"सार्जंट, या घरात चोर आहे."

"असं?" म्हाताऱ्याने भांग मोडून दुसऱ्या बाजूने पाडला. "काय गेलं तुझं?"

"साबण. कंगवा. मासळीचा डबा."

"अरे बापरे. खजिनाच लुटला म्हणायचा."

"थट्टा नाही सार्जंट. मला वाटतं, कुणीतरी माझी माहिती काढतंय. तुमचं काही गेलं का?"

"माझं काय जाणार? जो येईल तो दया येऊन दोन वस्तू ठेवून जाईल." मग काचेतूनच नेमानीकडे बघत तो म्हणाला, "दीदीला सांग ना. वहीत लिहील ती."

"नको. वहीत काही नको."

"का?"

नेमानी खिडकीबाहेर बघू लागला. म्हाताऱ्यानेही पुन्हा विचारलं नाही, आणि नेमानीला वाटलं, न विचारणारा हा एकच माणूस आहे इथे.

मग टॉवेल गेला आणि शनिवारी चपला गेल्या.

त्या विलायतेतून आणलेल्या होत्या, जाड कातडी, बक्कलांच्या, आणि माप एवढं मोठं की सुवाच्या दुकानात मिळायचं नाही. नेमानी अनवाणी जेवायला उतरला. दाराशी आपल्या चपला नाहीत हे चार जणांना कळू नये म्हणून सगळ्यांच्या आधी जाऊन बसला, पण तेविताच्या नजरेतून काही सुटत नसे. तेविता घरातलाच जुना माणूस, फौजेत असताना स्वयंपाकी.

"नेमानी, होड्या कुठे गेल्या तुझ्या?"

"वाळत टाकल्यात."

"पावसात?"

सगळे हसले. रामरतीदीदी हसली नाही. तिने त्याच्या पायांकडे पाहिलं, मग त्याच्या तोंडाकडे, आणि डाळीचं भांडं घेऊन आत गेली.

दुसऱ्या दिवशी रविवार. चर्च संपून माणसं तिथल्याच अंगणात रेंगाळली होती, पांढऱ्या सदऱ्यांत आणि कमरेपासून गुडघ्याखालपर्यंत गुंडाळलेल्या सुलूंमध्ये. नेमानी कुणाचे तरी रबरी जोडे घालून एका बाजूला उभा होता. आणि समोरून सार्जंट इलाइतिया आला. अंघोळ केलेला, भांग पाडलेला, हातात धर्मग्रंथ. पायांत नेमानीच्या चपला. त्या त्याला एवढ्या मोठ्या होत होत्या की टाचेमागे चार बोटं जागा उरत होती आणि पावलागणिक फटक फटक असा आवाज सगळ्या अंगणात ऐकू जात होता. त्याला काही लपवायचं आहे असं अजिबात दिसत नव्हतं. उलट तो दोन ठिकाणी थांबून लोकांशी बोलला आणि बोलताना पाय पुढे काढून उभा राहिला.

नेमानीने त्याला फणसाच्या झाडामागे गाठलं. "सार्जंट. तुम्ही?"

"मी."

"कंगवापण?"

"तू तक्रार घेऊन आलास तेव्हा तुझ्याच कंगव्याने भांग पाडत होतो. बघितलंही नाहीस. पहारा काय देत होतास रे तिकडे?"

"का पण? काय हवं होतं तुम्हाला माझ्या पिशवीत?"

म्हाताऱ्याने चपलांकडे पाहिलं, मान हलवली आणि अगदी सावकाश, एखादं जुनं पाठ केलेलं म्हणावं तसं म्हणाला, "यावुसोलाची माणसं. पाय होडीएवढे आणि अक्कल करवंटीएवढी."



हे वाक्य त्याने कितीदा ऐकलं होतं. तो सात-आठ वर्षांचा असताना नबुकेलावा बेटाची माणसं होडीने यायची. किनाऱ्याला लागायच्या आधीच पाण्यातून हेच ओरडायची. मग घरात शिरून हाताला लागेल ते उचलायची, डुकराचं पिल्लू, चुलीवरचं भांडं, एकदा तर बापाचा रेडिओ. आणि आई कपाळाला हात लावून हसत सुटायची. पुढच्या महिन्यात बाप त्यांच्या बेटावर जाऊन त्यांची मासळी पळवून आणायचा. दोन्ही बेटांचे मूळपुरुष सख्खे भाऊ. त्यांच्या लेकरांचं नातं ताउवूचं. ताउवूने ताउवूचं काहीही न्यावं, वाटेल ते बोलावं, आणि ज्याचं गेलं त्याने रागवायचं नाही. रागावला तर लाज त्याची.

"तुम्ही नबुकेलावाचे," नेमानी म्हणाला.

"आई त्यांची, बाप त्यांचा, म्हणजे तसंच असावं."

"आणि मी... कसं कळलं?"

"तुझी चटई. पहिल्या रात्री तू ती अंथरलीस, तिचे दाते बघितले. तसले दाते एकाच बेटावरच्या बायका घालतात. तुझं तोंडही तुझ्या आजोबांचं आहे, पण ते असो, त्यात तुझा दोष नाही."

"चटई नाही नेली तुम्ही."

"तेवढं कळतं मला."

नेमानीने अंगणाकडे पाहिलं. तिथे शंभर माणसं उभी होती आणि प्रत्येकाचं कुणी ना कुणी बेटांवर होतं. सुवात यांगोनाच्या बैठकीतला पहिला वाडगा पिऊन संपायच्या आत बातमी समुद्र ओलांडते. "किती जणांना सांगितलंत?"

"कुणालाच नाही."

"दीदीला?"

"कुणालाच नाही म्हणालो."

"मग चपला घालून सगळ्या गावात मिरवता कशाला?"

"अरे, तीन आठवडे मी तुझं सामान नेतोय आणि तू दोरे बांधत बसलायस. वाटलं, आता नेऊन डोळ्यांसमोर नाचवल्याशिवाय याच्या करवंटीत शिरायचं नाही." तो खोकत खाली बसला. खोकला थांबल्यावर म्हणाला, "तू गाव लपवलंस. का, ते मी विचारलं नाही. विचारणारही नाही. पण नबुकेलावाच्या माणसाने यावुसोलाचा पोरगा शेजारच्या पलंगावर दिसत असताना गप्प बसून त्याचा साबण वापरायचा नाही, हे माझ्याने होईना."

नेमानीला हसू आलं नाही. हा म्हातारा खरं बोलतोय की हीपण एक चाल आहे, चौथ्या प्रश्नाचं उत्तर काढून घेण्याची? त्याने चपला परत मागितल्या नाहीत. रबरी जोड्यांनीच चढ चढून गेला आणि त्या रात्री पिशवी बांधून ठेवली.

निघायचं मंगळवारी ठरवलं होतं, पण मंगळवारी दुपारीच तेविताने बातमी आणली. चर्चमध्ये सार्जंटच्या पायांतल्या चपला त्याने ओळखल्या होत्या. त्याने दीदीला विचारलं आणि दीदीला खोटं बोलता येत नसे. न्हाणीघराच्या दोरीवर सार्जंटने नेमानीचा टॉवेल वाळत घातलेला तिनेही पाहिला होता. कॅप्टन वाइसेआ संध्याकाळी येणार होते. घराचा नियम साधा होता. दारू चालत नाही, मारामारी चालत नाही, चोरी चालत नाही. चोरी करणाऱ्याने त्याच दिवशी पलंग सोडायचा.

"सात वर्षांनी," तेविता दालोचे कंद सोलता सोलता म्हणाला. मंगळवारी दीदीचा उपास, तेव्हा चूल त्याच्याकडे असे. "कोठीची किल्ली कमरेला असताना माणूस साबण चोरतो. आतून एक एक तुकडा काढला असता तर कुणाला कळलं असतं का?"

"तू सांगायला नको होतंस," नेमानी म्हणाला.

"चपला तुझ्या. मी काय माझ्यासाठी सांगितलं?"

संध्याकाळी सगळे चटयांवर जेवायला बसले. नारळाच्या दुधातला मासा, दालो, पालेभाजी. माशाचं डोकं नेहमीसारखं सगळ्यांत मोठ्या माणसाच्या ताटात, म्हणजे सार्जंटच्या. कॅप्टन जेवून आले होते. ते भिंतीला टेकून बसले. दीदी त्यांच्या बाजूला, मांडीवर वही.

"इलाइतिया," कॅप्टन पुढ्यात आणून ठेवलेल्या चपलांकडे बोट करून म्हणाले, "या चपला तुझ्या का?"

"नाही."

"कुणाच्या?"

"नेमानीच्या."

"त्याने दिल्या?"

"नाही. मी घेतल्या. टॉवेल, कंगवा, साबण, मासळीचा डबा. डबा संपला. मासळी काही खास नव्हती."

कुणी हसलं नाही. बाहेर पाऊस वाढला. कॅप्टनचा आवाज खाली आला. "मी तुझ्या हाताखाली शिपाई होतो, इलाइतिया. मला हे बोलताना बरं वाटत नाही. तू नबुकेलावाचा. हा मुलगा यावुसोलाचा असता तर मी दोन शिव्या देऊन घरी गेलो असतो. तुमची बेटं ताउवू आहेत, तुम्ही एकमेकांचं घर धुऊन नेलं तरी मंडळाला काय त्याचं. पण हा नौसोरीचा आहे. नौसोरीचे लोक तुझे कुणी लागत नाहीत. मग याला मी काय म्हणू?"

"जे म्हणतात ते म्हण."

"काही सांगायचंय?"

"नाही."

सार्जंट उठला. दर तिसऱ्या श्वासाला थांबत त्याने पलंगाखालचं गाठोडं काढलं आणि ते बांधायला नेमानीचाच टॉवेल घेतला.

नेमानी जागचा हलला नाही. त्याच्या मनात पहिला विचार आला तो हाच, की हा सगळा डाव आहे. कॅप्टनने यावुसोलाचं नाव घेतलं ते उगाच नाही. इतकी बेटं असताना नेमकं तेच. दीदीची वही उघडी आहे, पेन्सिल हातात आहे. सगळ्यांना माहीत आहे आणि माझ्या तोंडून वदवून घ्यायचं म्हणून म्हाताऱ्याला उभं केलंय. आपण गप्प बसलो की दोन मिनिटांत सगळे हसतील, म्हातारा गाठोडं ठेवेल आणि जेवायला बसेल.

त्याने एकेकाच्या तोंडाकडे पाहिलं. तेविता मान खाली घालून दालोचा तुकडा चिवडत होता. दीदीने डोळे मिटले होते आणि तिचे ओठ हलत होते. कॅप्टन दाराकडे बघत होते, पाऊस किती आहे ते बघावं तसे. दोन मिनिटं होऊन गेली. कुणी हसलं नाही. म्हाताऱ्याने गाठोड्याला गाठ मारली, फुलगाठ, आणि कमरेची किल्ली सोडून दीदीच्या पुढ्यात ठेवली. मग कॅप्टनच्या पुढ्यातल्या चपला उचलल्या, नेमानीच्या समोर नीट जोडून ठेवल्या आणि अनवाणी दाराकडे वळला. दारापर्यंत पोचायच्या आत तो दोनदा थांबला.

डाव असेल तर असो, नेमानीच्या मनात आलं. पण हा माणूस बसस्टँडच्या ओसरीवर झोपला तर आठवडा काढणार नाही. आणि एक शब्द बोलला असता तर वाचला असता. तो शब्द माझा आहे म्हणून त्याने तो वापरला नाही.

त्याने हात लांब केला, सार्जंटच्या ताटातलं माशाचं डोकं उचललं आणि सगळ्यांच्या देखत त्याचा गालाचा मऊ भाग तोडून तोंडात घातला.

"अरे," तेविता म्हणाला, "ते डोकं सार्जंटचं आहे."

"माहीत आहे." नेमानीच्या तोंडातून घास आणि शब्द बरोबरच बाहेर येत होते. "नबुकेलावाची माणसं. स्वतःची चूल पेटवायची नाही, दुसऱ्याच्या ताटातलं गोड लागतं. ए म्हाताऱ्या, ते गाठोडं सोड. टॉवेल माझा आहे. आणि उरलेलं डोकं खायचं असलं तर ये, नाहीतर मी डोळेपण खाणार."

दारातला सार्जंट वळला. कॅप्टन वाइसेआ भिंतीपासून ताठ झाले. त्यांनी एकदा म्हाताऱ्याकडे पाहिलं, एकदा पोराकडे.

"पुलाच्या पलीकडे," ते हळूच म्हणाले. "बराच पलीकडे आहे म्हणायचा हा पूल."

पहिल्यांदा तेविता हसला, मग पलीकडचे दोघे, मग सगळी खोली. म्हातारा हसायला गेला आणि खोकल्याने वाकला. नेमानीने उठून त्याला धरलं, आणून बसवलं.

"होडीएवढे पाय," खोकल्याच्या दोन उबळींमधून सार्जंट म्हणाला. "माझ्या ताटात आला बघ पाय."

"गप जेव."

रामरतीदीदीने वहीतली एक ओळ खोडली आणि तिच्याखाली नवीन काही लिहिलं. नेमानीने ते पाहिलं. तिने आणि कॅप्टनने आधीच ओळखलं होतं का, हे त्याला तेव्हा कळलं नाही आणि पुढेही कधी कळलं नाही. तिला विचारावं असं पुष्कळदा त्याच्या मनात आलं, पण ती खोटं बोलत नसे, म्हणून त्याने विचारलं नाही.

जेवणं आटोपायच्या आधीच तेविता फोन खिशात चाचपू लागला होता. त्याची मेहुणी यावुसोलाच्या शेजारच्या बेटावर दिलेली होती. नेमानी त्याच्यापुढे जाऊन उभा राहिला.

"तेविता, तुझा फोन दे."

"मी कुणाला काही सांगणार नव्हतो."

"सांगणार होतास. पण आधी मी सांगतो. मग तू सांग."

पडवीत जाऊन त्याने गावच्या दवाखान्याचा नंबर लावला. परिचारिकेने उचलला आणि आईला बोलवायला कुणाला तरी धाडलं. तो कानाला फोन लावून उभा राहिला. तिकडून सायंप्रार्थनेच्या लाकडी ढोलाचा आवाज येत होता, ठोक, ठोक, मधे थांबून पुन्हा ठोक. आज पहिला रविवार नव्हता, रविवारही नव्हता. आई घाबरली असणार. धावत येत असणार. आत सार्जंट कुणालातरी यावुसोलाच्या माणसांच्या अकलेविषयी सांगत होता.

"नेमानी?" आईला धाप लागली होती. "काय झालं? बरा आहेस ना?"

"बरा आहे."

"आज कसा फोन केलास? तिकडे थंडी आहे का रे?"

नेमानीने अंगणाकडे पाहिलं. लाल झेंडा भिजून काठीला चिकटला होता.

"नाही, आई," तो म्हणाला. "इथे सुवाला पाऊस आहे."

तिकडे ढोल थांबला. तो वाट बघत राहिला.